कावेखालचा पाय

आमच्या ह्यांना कधी काही होतच नसे. म्हणजे माणसाला जे होतं ते सगळं व्हायचं, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय झालं." लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिलाई मशीनची सुई ह्यांच्या बोटातून आरपार गेली आणि हे मला शांतपणे म्हणाले, "जरा ती पक्कड दे बरं." मी प्राथमिक शाळेतली बाई. आवाज मुळात मोठा आणि डोकं त्याहून गरम. मी बोंब मारून सगळी गल्ली गोळा केली. लोक धावत आले तर हे बोटाला चिंधी गुंडाळून चहा पीत बसलेले, आणि सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. तेव्हापासून आमच्या घरात दुखणं ह्यांचं आणि बोंब माझी, अशी वाटणी होऊन गेली.

शहागंजात ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही राहायचो पडेगावला. शहराच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं आणि पडेगावात घरं विरळ होती, मागच्या दारातून माळ दिसायचा. मशीन दुरुस्त झालं की हे स्वतः स्टुलावर बसून पायडल मारायचे, चिंधीवर हातभर टीप घालून बघायचे, आणि मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. "कानाला फसवता येतं," म्हणायचे, "पायाला नाय. मशीन कुठं अडतंय ते पायाला पयलं कळतं." तो उजवा पाय. त्याच पायावर पुढं बेतलं.

झालं ते एवढंसंच होतं. एका जुन्या मशीनचं लोखंडी पायडल काढताना तुटलेली कड ह्यांच्या पोटरीला घासली. बोटभर ओरखडा. दुकानातच पाण्यानं धुतला, घरी येऊन हळद दाबली. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. मी हात लावून बघितला तर पोटरी गरम लागली आणि ओरखड्याभोवती तांबूस दिसत होतं.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"काय नाय झालं," हे म्हणाले.

नेमकी त्याच आठवड्यात अक्का आमच्याकडं आलेली होती. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, कन्नडच्या बाजूला दिलेली. सासू माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेली, त्यामुळं ह्यांना अक्कानंच कडेवर वागवलं, न्हाऊ-माखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती आलेली. शहागंज पालथं घालून आणलेल्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं आमच्या कॉटखाली गाठोड्यात ठेवलेलं. भावाचा पाय बघितला आणि अक्का एकदम गंभीर झाली.

"धावरं उठलंय रे तुला."

आता धावरं म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कातडी लाल होते, तापते, चरचरते, आणि ती लाली बघता बघता वर सरकायला लागते. त्याच्यावरचा उताराही सगळ्यांना ठाऊक. आणि अक्काच्या हाताला त्याचा गुण होता. तिच्या सासूनं तिला तो दिलेला. पंचक्रोशीतली माणसं तिच्याकडं यायची आणि ती कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. कावेचा खडा, म्हणजे तुळशीवृंदावनाला फासतात ती तांबडी माती, ती सहाणेवर उगाळायची. आधी लालीच्या भोवती बोटानं एक कड आखायची. तिला म्हणायचं शीव. शीव घातली की धावरं पुढं सरकत नाही. मग काहीतरी पुटपुटत शिवेच्या आतला सगळा भाग काव लावून भरून काढायचा. आणि शेवटी सगळ्यात कडक अट, पाणी लावायचं नाही. वाळून आपोआप झडेपर्यंत धुवायचं नाही, पुसायचं नाही. पाणी लागलं की धावरं पलटतं.

अक्कानं तसंच केलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय तांबडाभडक. मी कुरकुरले, पण खरं सांगते, मनातून बरंही वाटलं. माझ्या माहेरीही लोकांनी काव लावलेली मी बघितली होती, आणि बरे झालेले लोकही बघितले होते. तरी मी ह्यांना ओढून गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलंच. त्यानं रंगवलेला पाय बघितला, हसला, "धावरंच आहे, राहू द्या माती," म्हणाला आणि गोळ्या दिल्या. त्याला कातडी दिसलीच नाही. कुणालाच दिसत नव्हती. पाय आधी लाल होता म्हणून आम्ही तो लाल मातीनं झाकला, आणि मग जो तो बघायचा की पाय किती लाल आहे! आज हसू येतं, तेव्हा घरादाराची अक्कल गहाण पडली होती.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेले. अंगात ताप, पाय ओढत, पण गेले. कुणाचं तरी मशीन द्यायचं होतं म्हणे. मी शाळेत होते. दुपारी शिपाई वर्गात येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या मालकाला मोठ्या दवाखान्यात नेलंय." शेजारच्या कुलपांच्या दुकानातल्या चाचांनी नेलं होतं. मी घरी जाऊन अक्काला घेतलं आणि रिक्षा केली. चाचा दाराशीच उभे. म्हणाले, "भाभी, ये आदमी कभी आवाज नै करता. आज रिक्षा गड्ढे में गई तो ऐसा चिल्लाया, मेरा कलेजा हिल गया. कुछ तो बी बड़ा हुआ है इसकू."

हे ओरडले! सुई बोटातून गेल्यावर पक्कड मागणारा माणूस तो.

आत एक सर्जन बाई होत्या. वयानं माझ्याहून लहान, केस विस्कटलेले, बोलणं तुटक. त्यांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न केला, "हे काय फासलंय?" मी सांगितलं. त्यांनी काव जिथं नव्हती तिथं, वर मांडीवर, साध्या दिसणाऱ्या कातडीवर हलकेच दाबलं. ह्यांनी कॉटची दांडी धरली आणि तोंडातून असा आवाज आला की शेजारच्या कॉटवरचं बाळ रडायला लागलं.

"दिसतंय त्याच्यापेक्षा दुखतंय जास्त," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "हे मला आवडलेलं नाही. पाय धुवा. मला कातडी बघायची आहे."

आणि अक्का मधे उभी राहिली.

"पाणी नाय लावायचं, बाई. पलटंल. पाया पडते तुमच्या."

"ताई, मला बघू द्या."

"धावऱ्याला पाणी लागलं की माणूस हाती लागत नाय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

हे सुद्धा, तापानं डोळे तारवटलेले, दात आवळलेले, म्हणतात कसे, "राहू द्या. अक्कानं लावलंय. तसं काय नाय झालं."

त्या तीन शब्दांनी माझं टाळकं सणकलं. तोंडात दुखणं मावत नाही आणि वर 'काय नाय झालं'! मी कोपऱ्यातल्या नळाखाली टॉवेल धरला. अक्कानं माझा हात धरला. मी तो झटकला, चांगलाच झटकला, आणि तिला म्हटलं, "अक्का, तुम्ही बाजूला व्हा. हा माझा नवरा आहे." ती व्हायला तयार नव्हती. मी तिला खांद्यानं सारलं आणि ओला टॉवेल पायावर ठेवला. तांबडं पाणी चादरीवर ओघळलं. अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला.

कावेखाली लाल नव्हतंच काही. पोटरीच्या मधोमध जांभळट-काळा डाग होता, तळहाताएवढा, आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड. बाईंनी त्या डागावर सुई टोचली. हे काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, झालं, परत सोसायला लागले. पण नाही. त्यांना कळलंच नव्हतं. तिथं पाय मेला होता.

मग बाईंनी खिशातला बॉलपेन काढला आणि कावेच्या बाहेर, गुडघ्याच्या वर सरकलेल्या लालीच्या कडेनं एक रेघ ओढली. अक्कानं पदराआडून बघितलं. "बघा, त्या पण शीवच घालतायत," ती मला म्हणाली, अगदी आशेनं. बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "ही अडवायला नाही, ताई. ही बघायला. लाली रेघेच्या पुढं गेली की मला कळेल." आणि सलाईन लावून, रक्त काढून, वर फोन करून त्या परत येतात तोवर लाली रेघेच्या पुढं गेलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. उतू जाणारं दूध बघावं तशी मी बघत राहिले आणि मला काहीच करता येईना.

"आत्ता पाय उघडावा लागेल," बाई म्हणाल्या. "मेलेलं सगळं काढते. पाय राहील की नाही सांगता येत नाही. माणूस वाचवायचा हे पहिलं." मी सही केली. अक्का म्हणत होती, पाय कापू नका, त्याचा धंदा पायाचा आहे. मी तिच्याकडं बघितलंही नाही.

ऑपरेशन करून बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की पाय ठेवलाय, पण पोटरी बरीच गेली. आत पू नव्हता. भांडी विसळल्यासारखं गढूळ पाणी निघालं आणि मांस बोटानं सुटून येत होतं. मी हे ऐकलं आणि वळून अक्काला नको ते बोलले. "तुमच्या मातीनं नवरा खाल्ला असता माझा. आता ह्या पायाला हात लावायचा नाही तुम्ही, या जन्मात." व्हरांड्यातली माणसं बघत होती. संध्याकाळच्या एस.टी.नं अक्का कन्नडला गेली, बस्त्याचं गाठोडं आमच्या कॉटखाली तसंच सोडून.

मला वाटलं, घाण निघाली, आता उतार पडेल. कसचं काय! बीपी खालीच. लघवी थांबली. अंगभर तांबूस पुरळ, हात बर्फासारखे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना गाठलंच. त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून पुड्यातून बिस्किटं खात होत्या, बहुतेक तेच त्यांचं जेवण. मी म्हटलं, "मेलेलं मांस काढलं म्हणता, औषधं चालू आहेत म्हणता, मग माणूस खचतोय कशानं? तुमचं काय चुकलंय ते सरळ सांगा." दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. त्यांनी पुडा माझ्यापुढं केला आणि म्हणाल्या, "बसा. शिकवता ना तुम्ही? मग तुम्हाला नीट सांगते."

त्यांनी सांगितलेलं मी पुढं इतक्या जणांना सांगितलंय की आता ते माझंच झालंय. जंतू शिरला तो त्या ओरखड्यातून, अन् थोडाच शिरला. पण तो विष सोडतो, आणि एका जातीचं नाही. एक विष मांस विरघळवतं, पेशींना भोकं पाडतं. ते वाईटच, पण दुसरं त्याहून लबाड. आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. एरवी एकेका पहारेकऱ्याला एकेकाच चोराचा चेहरा ठाऊक असतो. आपला चोर दिसला तरच तो उठतो, बाकीचे निवांत. हे दुसरं विष चेहरा दाखवायच्या भानगडीतच पडत नाही. ते सरळ जाऊन पहारेकऱ्यांना गदागदा हलवतं. जिथं मोजके उठायचे तिथं फौजच्या फौज एकदम उठते, आणि उठलेला प्रत्येक जण ओरडून पुढच्याला उठवतो. तो ओरडा म्हणजे रसायनं. ती रक्तात उतरतात. मग रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी झिरपून बाहेर जातं, बीपी कोसळतं. बारीक नळ्यांमध्ये गुठळ्या होतात, मांसाला रक्त मिळत नाही आणि तेही मरतं. मेलेल्या मांसात औषध पोचत नाही, म्हणून कापायचं.

"म्हणजे ह्यांना ह्यांचंच शरीर मारतंय?" मी विचारलं.

"सुरुवात जंतूची. पण आता घर मोडतायत ते घरचेच."

"मग त्यांना गप्प करा की."

"पूर्ण गप्प केलं तर जंतूला रान मोकळं. तेच तर अवघड आहे." मग त्या म्हणाल्या, दोन औषधं चालू आहेत. एक जंतू मारतं. दुसरं त्याचं विष बनवणंच बंद पाडतं. नुसतं मारत बसलं तर तो मरेपर्यंत विष ओतत राहतो. आणि तो मेला तरी आधी उठलेला गोंधळ लगेच थांबत नाही, तो ओसरेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं. "मी आत्ता तेच करतेय," म्हणाल्या, "धरून ठेवतेय. माझं काही चुकलं असलं तर तेही सांगेन तुम्हाला."

त्या गेल्यावर मला आमच्या पडेगावचा बिबट्या आठवला. एका सकाळी कुणीतरी ओरडलं, गवतात बिबट्या शिरलाय. अख्खी गल्ली काठ्या-दगड घेऊन बाहेर. जो तो दगड मारतोय आणि जो तो ओरडतोय. ह्यांनीही मारले. बिबट्या होता, नाही असं नाही, शेपूट मीही बघितलं. तो पहिल्याच दगडाला माळावरून दौलताबादच्या बाजूला पसार झाला असणार. त्याच्यानंतरही आम्ही कितीतरी वेळ दगड मारत होतो. आमच्याच खिडकीच्या काचा फुटल्या, पाण्याची टाकी फुटली, शेजाऱ्याच्या कालवडीचं शिंग मोडलं. बिबट्यानं कुणाची कोंबडीसुद्धा नेली नव्हती. आणि थांबा म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही लोकांनी शिव्या घातल्या. त्या व्हरांड्यात मी देवाला म्हटलं, बाबा, ह्यांच्या अंगातल्या लोकांच्या हातातले दगड खाली ठेव. दुसरं काही मागितलं नाही.

ते हळूहळू खाली ठेवले गेले. एकदा परत आत नेऊन आणखी मांस काढलं. मग एका सकाळी नर्स म्हणाली, लघवी होतेय, आणि मी तिला मिठी मारली. हे शुद्धीवर आले, मला बघितलं, आणि कोरड्या ओठांनी म्हणाले, "अक्का कुठंय?" मी म्हटलं, गेली गावी. नंतर, बसता यायला लागल्यावर, मी ह्यांना ते पहारेकऱ्यांचं सगळं शिकवलं. हे ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे माझ्या पेशी तुझ्यावर गेल्यात म्हण की. एवढंसं काय झालं की गल्ली गोळा." मला रडू आणि हसू एकदम आलं. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली, महिनोन्‌महिने पट्ट्या झाल्या, आणि हे काठी घेऊन घरी आले. पाय होता. पण पोटरी कुणी घास तोडून घेतलेल्या भाकरीसारखी.

बस्त्याचं गाठोडं चाचांनी कुणाबरोबर तरी कन्नडला पोचतं केलं. भाचीचं लग्न झालं, आम्ही नव्हतो. अक्काचा निरोप नाही, आमचा नाही. मधे एकदा आम्ही तपासणीला गेलो तेव्हा मी बाईंना विचारलं, त्या मातीनंच झालं ना सगळं? त्या म्हणाल्या, "मातीनं काही केलं नाही. ओरखडा आधीचा, जंतू आधीचा. मातीनं फक्त झाकलं." मग ह्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "आणि ह्यांनीही झाकलं. दुखतंय म्हणाले असते तर मातीखालूनही कळलं असतं." हे छताकडं बघत बसले. मला ते पटलं, पण पटलं म्हणून राग जातो असं नाही. बाईंनीच सांगितलं होतं ना, जंतू मेला तरी गोंधळ लगेच थांबत नाही. मी अक्काला बोलले ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आता बोलले नसते, एवढंच.

पहिली दिवाळी तशीच गेली. भाऊबीजेला हे पाटावर बसले आणि उठले. पुढच्या दिवाळीला ह्यांनी मला न विचारता पिशवी भरली.

"कुठं?"

"मुराळी चाललोय. अक्काला आणायला."

"ह्या पायानं? एस.टी.नं?"

"दुसरा पाय कुठनं आणू?"

दिवाळीला भावानं मुराळी जाऊन बहिणीला माहेरी आणायचं ही आमच्याकडची रीत, आणि तिच्यापुढं बायकोचं काही चालत नाही. मी गेले बरोबर. बडबड करत गेले, पण गेले. स्टँडवर उतरून हे काठी टेकत चालायला लागले. अक्काच्या दारात पोचलो तर ओट्यावर एक बाई पाय सोडून बसलेली. तिच्या घोट्याच्या वर कावेची एक बारीक कड होती, फक्त कड. आतली कातडी कोरी, धुतलेली. अक्का तिच्या पायापाशी बसून वाकून बघत होती. तिनं मान वर केली, भावाला बघितलं, त्याची काठी बघितली, आणि कावेचं बोट पदराला पुसायचंही विसरली.

"आत भरत नाही का आता?" मी विचारलं. दोन वर्षांनी तिला बोललेला माझा पहिला शब्द, आणि तोही तसलाच.

"नाय," ती म्हणाली. "कातडं दिसलं पायजे. कडंच्या भायेर गेलं की जीप करून धाडते शहरात. लोकं नाव ठेवतात, अक्काचा गुण गेला म्हणतात." मग त्या बाईला म्हणाली, "तुझं नाय गेलं भायेर अजून. पण दुखायला लागलं तर सांग. लाजू नको."

मुराळी आला म्हणून तिनं पाणी तापवलं. अंगणात पाट मांडला, उटणं कालवलं. हे बसले आणि पायजमा गुडघ्याच्या वर घेतला. ऑपरेशननंतर तिनं तो पाय बघितलाच नव्हता. मी तिला बघू दिला नव्हता. तिचा हात मधेच थांबला आणि तिनं माझ्याकडं बघितलं. या जन्मात हात लावायचा नाही, हे मी म्हटलेलं तिच्या लक्षात होतं, आणि माझ्याही. मी तांब्या उचलला, पाणी घेतलं आणि त्या पायावर ओतलं. "लावा," मी म्हटलं, "पाणी लागलंय आता."

अक्का उटणं लावायला लागली. बोटं खळग्यात गेली, मांडीवरून आणलेल्या चकचकीत कातडीवरून फिरली, काठावरच्या गाठींवर थांबली. तिच्या डोळ्यांतलं पाणी उटण्यात पडत होतं, ती पुसत नव्हती. लहानपणी न्हाऊ घालताना विचारत असेल तसं तिनं विचारलं, "दुखतं का रे?"

मला उत्तर पाठ होतं. संसारात मी दुसरं ऐकलेलंच नव्हतं. मी तांब्या परत बादलीत बुडवला.

"व्हय अक्का," हे म्हणाले. "दुखतं. लई दुखतं. रोज."

बादलीतला हात मी तसाच ठेवला. अक्कानं तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि मी पाणी घालत राहिले.